फोनवर हाजिर

गोंदियाजवळच्या मुर्री गावात सुभेदारसाहेबांच्या घराला लागून टिनाच्या छपराच्या दोन खोल्या आहेत. पूर्वी तिथं त्यांच्या भावाचं धान ठेवलेलं असायचं. उन्हाळ्यात त्या भिंतींना अजूनही कोंड्याचा वास येतो. आमचा क्लब त्या खोल्यांत होता. दोन कॅरम, एक टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचं मोठं पातेलं आणि बाहेर साहेबांनी स्वतः रंगवलेली पाटी. दर रविवारी सकाळी दहाला तिथं गोंदिया जिल्ह्यातले निवृत्त सॅपर जमत. सॅपर म्हणजे फौजेतले इंजिनिअर जवान. पूल टाकणारे, रस्ते करणारे, पेरलेले सुरुंग शोधून काढणारे. दुसऱ्या शाखेतला कोणी माजी सैनिक आला तर साहेब त्याला हाकलत नसत. "पायदलवाले पाहुने आहेत," म्हणायचे, "चहा भेटेल. स्ट्रायकर नाही भेटनार."

पण चहा असो की कॅरम, आधी गिनती. फौजेत हजेरीला गिनती म्हणतात. अंगणात तीन रांगा लागत. ज्यांचे गुडघे गेले होते ते रांगेतच खुर्ची टाकून बसत. साहेब समोर उभे राहत आणि मी त्यांच्या डाव्या हाताला रजिस्टर घेऊन. मी नाव वाचायचो, समोरून "हाजिर साब" यायचं. आलं नाही तर साहेब विचारत, "कारन?" गावातल्या कोणीतरी सांगायचं की सासरी गेला आहे, ताप आहे, नातवाचं बारसं आहे. साहेब मान हलवत आणि मी लिहायचो. कोणालाच कारण माहीत नसलं, तर गिनती संपल्यावर साहेब कॅरमला बसत नसत. बूट घालत आणि त्या माणसाच्या घरी जात. त्याच दिवशी, गाव कितीही लांब असलं तरी.

सुभेदार फागूलाल रहांगडाले बुटके, काळेसावळे, बहात्तरीला आलेले गृहस्थ होते. मिशी बारीक कापलेली. बोलणं कमी आणि कोरडं. कोणी काही बातमी आणली की त्यांचा एकच प्रश्न असे, "पाहून आला का आयकून आला?" आयकून आला असेल तर ते पुढचं ऐकतच नसत. रस्त्यात लहानसा पूल लागला की गाडी थांबवायला लावत आणि खाली उतरून त्याचं पोट बघत. तडे, झिरपणारं पाणी, पायाशी खचलेली माती. वर येऊन काही सांगत नसत. एकदा मी विचारलं, "साहेब, पूल तर सरकारचा आहे, तुम्ही कायले पाहता?" तर म्हणाले, "जानार तर आपुनच आहो ना त्याच्यावरून."

ते गिनतीचे इतके पक्के का होते, याच्या क्लबात बऱ्याच कहाण्या होत्या. कोणी सांगे, सरहद्दीवर त्यांच्या तुकडीतला एक जण सुरुंगांच्या पट्ट्यात मागे राहिला होता. कोणी सांगे, नदीवर पूल टाकताना कोणी वाहून गेलं होतं. मी एकदा सरळच विचारलं. ते चहा गाळत होते. "कायले म्हनजे? मानसं मोजाचेच रायतेत," म्हणाले आणि माझ्यासमोर कप ठेवला.

या हट्टापायी गमतीही व्हायच्या. आमगावकडचा एक लान्स नायक एका रविवारी आला नाही, कारण कोणाला माहीत नव्हतं. साहेब दुपारी त्याच्या गावी पोचले तर घरापुढे मांडव, आणि हा पुतणीच्या हळदीत डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन बसलेला. साहेबांना पाहून तो पाटावरून उठला आणि पिवळ्या हातानं सलाम ठोकून म्हणाला, "हाजिर साब." बायका हसून लोटपोट झाल्या. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "कारन सांगून ठेवत जाय." मग जेवून आले.

आमच्यातलं कोणी गेलं की तिरडी आम्हीच उचलायचो, तीसुद्धा लोखंडी पुलाची चौकट उचलतात त्या पद्धतीनं. सहा जण दोन्ही बाजूंना, नजर समोर, आणि साहेबांचा हुकूम. "पकड. तैयार. उठा." पाय सगळ्यांचे एकदम पडायचे. अर्जुनीकडच्या एका घरी मयताचा थोरला मुलगा चिडला होता. "हे काय लावलं? हा माझा बाप आहे, लोखंड नाही." साहेब त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "बापू, आमी सगळे म्हातारे आहो. हुकूम नसला तर एखाद्याच्या हातून सुटन. तुह्या बापाले आमी पडू देनार नाही." तो मुलगा मग बाजूला झाला. मी त्या सहांत होतो, उजव्या बाजूला मधला.

मी, बोपचे, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता गोंदियात एका राईस मिलमध्ये सुरक्षा पर्यवेक्षक आहे. माझं अक्षर बरं, म्हणून साहेबांनी मला क्लबचा सेक्रेटरी केलं. आणि जे झालं त्याची सुरुवात माझ्याच एका सूचनेपासून झाली. ती मी चांगल्या मनानं केली होती, हे मला अजूनही वाटतं. त्यानं काही फरक पडत नाही.

साहेबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी प्रवास कमी करायला सांगितलं होतं. देवरी, सालेकसा, केशोरी अशा लांबच्या गावांतले आमचे सातआठ सभासद महिन्याच्या पहिल्या रविवारीच येत. बाकीच्या रविवारी त्यांच्या नावापुढे काय लिहायचं, यावरून साहेब अस्वस्थ असत आणि अधूनमधून बस पकडून निघत. मी म्हणालो, "शनिवारी सांजेला मी त्यांना फोन करत जाईन. बोलणं झालं की रजिस्टरात लिहायचं, फोनवर हाजिर."

"फोनवर मानूस दिसते का?"

"आवाज तर येते साहेब."

ते बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसले. मग म्हणाले, "ठीक. तू आयकशील, मी तुह्या बोलन्यावर सही करीन."

दीड वर्ष हे बरं चाललं. मी शनिवारी ड्यूटीवरून फोन करायचो. पहिल्या पहिल्यांदा प्रत्येकाशी पाच पाच मिनिटं बोलायचो. नंतर दोन मिनिटं. नंतर एखाद्याचा फोन लागला नाही, की मी मनाशी म्हणायचो, जंगलपट्टीतलं गाव आहे, नेटवर्क नसेल, मागच्या शनिवारी तर ठणठणीत होता. आणि रविवारी सांगायचो, "फोनवर हाजिर." कारण खरं सांगितलं तर साहेब बूट घालणार आणि त्या गुडघ्यानं त्यांना एकटं कसं पाठवायचं, म्हणजे माझा रविवार गेला. असं मी किती वेळा केलं हे मला नेमकं आठवत नाही. चारपाच वेळा तरी. काही बिघडलं नाही. बिघडत नाही म्हणून सवय लागली.

केशोरीचे नायक नामदेव कापगते साहेबांहून दहा वर्षांनी लहान. बायको वारलेली, मुलगा प्रशांत हैदराबादला कंपनीत. एकटे राहायचे, धानाची शेती करायचे. क्लबात आले की कॅरमला हरायचे आणि दर वेळी म्हणायचे की बोर्डच तिरपा आहे. साहेब मग पाण्याची बाटली आडवी ठेवून त्यांना बोर्ड सपाट असल्याचं दाखवत. "पाहा." "पाहिलं साहेब. तरी तिरपाच आहे." एवढंच त्यांचं भांडण. ते वर्षानुवर्षं चाललं होतं.

धान कापणीनंतरचा शनिवार होता. मी संध्याकाळी कापगत्यांना फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही. परत लावला. परत तसंच. मिलमध्ये ट्रकांची रांग लागली होती, मी फोन खिशात टाकला.

रविवारी मी नाव वाचलं, "नायक नामदेव कापगते, केशोरी." आणि मीच म्हणालो, "फोनवर हाजिर."

"काय म्हनते?" साहेबांनी विचारलं.

"धान झोडून राहिलो म्हणे. मजेत आहे."

"खोकला?"

"कमी आहे म्हणे."

ते खोकल्याचं मी का सांगितलं, हे माझ्या मनातून जात नाही. खोटं बोलणाऱ्याला तपशील फार चटकन सुचतात. साहेबांचा चेहरा जरा सैल झाला, त्यांनी सही केली.

दुपारी मी कॅरम खेळत असताना हैदराबादहून प्रशांतचा फोन आला. "काका, बाबा कालपासून फोन उचलत नाहीत. तुम्ही शनिवारी करता ना सगळ्यांना? बोलणं झालं का तुमचं?"

साहेब माझ्या समोरच बसलेले होते. सोंगट्यांवरून नजर उचलून ते माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो, काल झालं की. धान झोडून राहिले आहेत. फोन कुठं ठेवला असेल."

"बरं झालं काका. मी शेजारी कोणाला पाठवणारच होतो. आता नाही पाठवत, सगळे खळ्यावर असतील."

सोमवारी सकाळी झोडणीला आलेल्या मजुरांना कापगते त्यांच्या शेतावरच्या झोपडीमागे सापडले. धानाच्या गंजीवरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. हातानं सरपटत झोपडीच्या सावलीपर्यंत आले होते, जमिनीवर त्याची खूण होती. दवाखान्यात नेलं तेव्हा अंग गार झालं होतं. डॉक्टर म्हणाले, पडले असतील शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी, आणि जीव गेला असेल रविवारी संध्याकाळनंतर.

म्हणजे आम्ही गिनती घेत होतो तेव्हा ते जिवंत होते. प्रशांत मला विचारत होता तेव्हाही.

तेराव्याला साहेब, मी आणि आणखी दोघं जीप करून केशोरीला गेलो. प्रशांतनं माझे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही तरी शेवटचं बोललात त्यांच्याशी. मी आठवडाभर फोन केला नव्हता. केला तेव्हा त्यांनी उचलला नाही." मी मान खाली घातली. त्याला ते दुःख वाटलं असावं. कापगत्यांचा साधा बटणांचा फोन फोटोखाली ठेवला होता, बंद पडलेला. त्यानं तो चालू केला नव्हता.

साहेब मागच्या अंगणात शेजारच्या यमुनाबाईंशी बोलत होते. मी दारात उभा होतो, मला सगळं ऐकू येत होतं. "शुक्रवारी दुपारी वावरात गेला जी तो," त्या सांगत होत्या, "अन् फोन घरीच राहिला. शनवारभर वाजून राहिला होता घरात. सांजेलेबी दोनदा वाजला. मी म्हटलं, हा मानूस फोन कायले ठेवते मंग."

साहेबांनी विचारलं, "कुलूप होतं?"

"होतं ना जी. चाबी त्याच्याजवर."

साहेबांनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना एका नाल्यावरच्या पुलाशी त्यांनी जीप थांबवायला सांगितली आणि खाली उतरले. नेहमीसारखं. पण पाच मिनिटं झाली, दहा झाली, वर येईनात. मी खाली गेलो. ते पुलाखाली एका दगडावर बसले होते, गुडघा लांब करून. पुलाकडे बघत नव्हते.

"शनवारी कोन बोललं तुह्यासंग?"

मी सगळं सांगितलं. आधीचे शनिवारही सांगितले. पाणी फार कमी होतं नाल्याला, माझाच आवाज मला ऐकू येत होता. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "साहेब, मला माफ करा."

"मी कायले माफ करू? सही माही आहे." मग काठी टेकून उठले. "त्याच्या पोराले सांग. तो समजून राहिला का त्याचीच चूक आहे. तेवढं त्याच्या डोक्यावरून काढ."

"सांगतो साहेब."

"कदी?"

"सांगतो."

मी सांगितलं नाही. आठवड्यात सांगीन म्हणालो, मग सणानंतर सांगीन म्हणालो. दोनदा फोन लावला आणि तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "काका, तुम्हीच एक आठवणीनं विचारता."

साहेबांनी मला सेक्रेटरीपदावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. रविवारी मी पूर्वीसारखा त्यांच्या डाव्या हाताला उभा राहायचो, नावं वाचायचो. लांबच्या गावाचं नाव आलं की ते म्हणत, "तिथं काही लिहू नको. मी पाहून येतो." आणि जायचे. सोमवारी देवरी, बुधवारी सालेकसा, शुक्रवारी अर्जुनीकडे. बस, काळीपिवळी, पॅसेंजर गाडी. गुडघा सुजून मडक्याएवढा व्हायचा. साहेबांच्या घरच्या काकूंनी एकदा मला बाजूला घेतलं. "तुम्ही सेक्रेटरी आहात न जी? तुमचं आयकतेत ते. सांगा ना त्यांना, फोन करत जा म्हणून." मी हो म्हणालो. क्लबातले लोक म्हणायचे, साहेब सठियाले. काही जण यायचे बंद झाले, कोणाच्या तरी घरी बसून पत्ते खेळू लागले. गिनतीला तीनच्या दोन रांगा झाल्या, मग एक. साहेबांना याचं काही वाटताना मला दिसलं नाही. जे आले नाहीत त्यांच्याही घरी ते जायचेच.

पोराला सांगितलं का, हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. फक्त रजिस्टर परत घेताना ते क्षणभर हात पुढे तसाच ठेवत, जणू मी आणखी काही देणार आहे. मग घेत.

होळीनंतरच्या रविवारी गिनती झाल्यावर ते म्हणाले, "प्रशांत घर बंद कराले आला आहे केशोरीले. परवा वापस जाते. मग तो काही इकडे येत नाही. उद्या सकारच्या गाडीनं मी चाललो. तू चल."

"येतो साहेब."

त्यानंतरचं आधी सांगतो. केशोरीहून परतल्यावर साहेबांना ताप भरला, गुडघ्यातून तो अंगभर पसरला, आणि नवव्या दिवशी ते दवाखान्यातच वारले. मी भेटायला गेलो नाही. तिरडी उचलायला गेलो. हुकूम द्यायला कोणी नव्हतं, पाच म्हातारे आणि मी, कसेबसे एकमेकांकडे बघून उचलत होतो. चेहरा झाकलेला होता. रात्री प्रशांतचा फोन आला, सांत्वनाचा. म्हणाला, "काका, ते आले होते त्या दिवशी. दोन तास बसले, काहीच बोलले नाहीत. मागची भिंत पाहिली, तडा आहे म्हणाले. निघताना विचारलं, बोपचेचा फोन आला होता का तुला? मी म्हटलं, येतो की नेहमी." त्याही वेळी मी खरं सांगितलं नाही. हे लिहून झालं की हीच पानं त्याला पाठवायची आहेत. आता विचारणारं कोणी उरलेलं नाही.

तर तो सोमवार. गोंदिया स्टेशनवर मी वेळेआधीच पोचलो होतो. दाढी केली होती, धुतलेला शर्ट घातला होता, जायचंच होतं मला. साहेब काठी टेकत आले, खांद्याला कापडी पिशवी, दोन तिकिटं वरच्या खिशात. डब्याची पायरी त्यांना चढवेना. वरून एकानं हात दिला, खालून मी पाठीला हात लावला. स्वेटरमधून मणका न् मणका हाताला लागला. ते आत गेले. मी प्लॅटफॉर्मवरच राहिलो.

"पाणी घेऊन येतो," मी खिडकीतून म्हणालो.

"लवकर ये."

मी नळापर्यंत गेलो. बाटली भरली. परत येऊन खांबाच्या आड उभा राहिलो. तिथून खिडकी दिसत होती. डब्यात गर्दी होत होती. बोचकं घेतलेली एक बाई आणि तिचा नवरा साहेबांच्या बाकापाशी आले. साहेबांनी पिशवीतून टॉवेल काढून शेजारच्या जागेवर पसरला आणि त्यावर हात ठेवला. नवरा काहीतरी म्हणाला. साहेबांचा आवाज मला खांबापर्यंत आला.

"यहाँ आदमी बैठा है भाई. पानी लेने गया है."

गाडीनं झटका दिला. साहेब खिडकीतून बाहेर बघत नव्हते. डब्याच्या दाराकडे बघत होते, हात तसाच टॉवेलवर.